पहिली वेगवान ऑफ-रोड आरसी गाडी: १५ हजारांच्या आत नीट निवड कशी करावी

खोक्यावर '६० किमी प्रतितास' असं ठळक अक्षरांत छापलेलं असतं आणि पहिल्यांदा आरसी (रिमोट कंट्रोल) गाडी घेणारा तिथेच अडकतो. माझं सांगणं असं की तो आकडा सगळ्यात शेवटी बघा. वेगाने पळणारी गाडी उलटणार, आपटणार, कठड्याला धडकणार. पहिल्या महिन्याभरात पुढचा सस्पेन्शन आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा हात), स्टिअरिंगचा एखादा दुवा, चाकाकडे जाणारा दांडा यांतलं काहीतरी तुटणार, हे धरूनच चाला. तो दीड-दोनशे रुपयांचा तुकडा आठवड्याभरात घरी येत असेल तर गाडी वर्षानुवर्षं साथ देते. नाही मिळाला, तर दहा-बारा हजारांची गाडी माळ्यावर जाऊन पडते.

म्हणून पहिला प्रश्न हाच ठेवा: हिचे सुटे भाग मला इथे, भारतात, मिळतात का? खाली जे काही सांगतोय ते बहुतेक याच प्रश्नातून निघालेलं आहे.

१. आधी खेळणं आणि हॉबी ग्रेड वेगळं करा

हॉबी ग्रेड म्हणजे छंद म्हणून चालवायची, भाग बदलून दुरुस्त करता येणारी गाडी. दिसायला दोन्ही सारख्याच. मोठे टायर, रंगीत बॉडी, पिस्तुलासारखा रिमोट. फरक आत असतो.

खेळण्यातल्या गाडीचा रिमोट म्हणजे नुसता खटका. ट्रिगर थोडा दाबा किंवा पूर्ण दाबा, मोटर एकाच जोराने फिरते. चाकं एक तर सरळ, नाही तर पूर्ण वळलेली. हॉबी ग्रेडच्या गाडीत ट्रिगर जितका दाबाल तितकाच वेग आणि चाक जितकं फिरवाल तितकंच वळण. दुकानात तपासायचं असेल तर गाडी हातात उचलून धरा, ट्रिगर अगदी हळूहळू दाबा आणि चाकं हळूहळू वेग घेतात का बघा. मग स्टिअरिंग अर्धंच फिरवून धरा. चाकं अर्ध्यावरच थांबली पाहिजेत. दहा हजारांच्या आसपासची गाडी या परीक्षेत नापास झाली तर पुढे काही बघायची गरज नाही.

दुसरी खूण म्हणजे सुट्या भागांचे क्रमांक. हॉबी ग्रेड गाडीच्या माहितीपुस्तिकेत प्रत्येक भागाचं सुटं चित्र असतं आणि त्याला क्रमांक दिलेला असतो. पुस्तिकेत फक्त 'लहान मुलांपासून दूर ठेवा' एवढंच लिहिलं असेल, तर त्या कंपनीला तुम्ही गाडी दुरुस्त करावी असं वाटतच नाही.

रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा हवा. जुन्या धाटणीच्या २७ मेगाहर्ट्झच्या खेळण्यांमध्ये दोन गाड्या शेजारी आल्या की एकाच्या रिमोटवर दुसऱ्याची गाडी पळू लागते. २.४ मध्ये रिमोट आणि गाडी यांची जोडी ठरलेली असते, त्यामुळे मैदानात चार जण असले तरी अडचण नाही.

२. जमीन बघून आकार ठरवा

'ऑफ-रोड' हा शब्द परदेशी व्हिडिओंमध्ये ज्या अर्थाने येतो ती गवताळ, मऊ मातीची जमीन आपल्याकडे क्वचितच मिळते. आपल्याकडे सोसायटीतले पेव्हर ब्लॉक असतात, शाळेचं मुरूम टाकलेलं मैदान असतं, कोकणात आणि गोव्यात जांभ्याचा खरबरीत कातळ, मराठवाड्यात आणि विदर्भात काळी माती. प्रत्येक जमिनीला गाडी वेगळी लागते.

१/१० म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश, हे तुम्हाला ठाऊक असेलच. १/१८ ची गाडी साधारण वीतभर लांब. ती पेव्हर ब्लॉकवर आणि सपाट मुरमावर मस्त पळते, पण घोट्याएवढं गवत किंवा अंड्याएवढा दगड आला की अडली. १/१६ आणि १/१४ हा आपल्या बजेटमधला खरा पट्टा: मैदानात पळण्याइतकी मोठी, पाठीवरच्या सॅकमध्ये मावण्याइतकी लहान. १/१० ची गाडी जमिनीवर जास्त ठाम बसते, पण तिची बॅटरी, टायर, सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) सगळंच महाग होतं. १/८ चा विचार पहिल्या गाडीसाठी करूच नका. तिला जागा लागते ती क्रिकेटच्या मैदानाएवढी आणि खर्चही त्याच हिशोबाने.

आकारानंतर जात. बग्गी खुजी आणि रुंद, वळणावर चिकटून जाणारी, पण पोट जमिनीला लागतं. मॉन्स्टर ट्रकची चाकं मोठी, तो ढेकळांवरूनही जातो, पण वेगात वळवला की लोळतो. ट्रगी दोन्हींच्या मधली: बग्गीची ठेवण, ट्रकचे टायर. शॉर्ट कोर्स ट्रकला चाकांभोवती बॉडीचं पूर्ण कवच असतं, म्हणून धडकेत चाकं वाचतात. क्रॉलर दगडांवरून गोगलगाईसारखा चढतो आणि त्यातही वेगळीच मजा आहे, पण वेग हवा असेल तर तो तुमच्यासाठी नाही.

माझं मत विचाराल तर खडबडीत मुरमासाठी ट्रगी किंवा मॉन्स्टर ट्रक, आणि सपाट मैदान जवळ असेल तर बग्गी. काळ्या मातीत उन्हाळ्यात कुठलीही चालेल. पावसाळ्यात एकही चालत नाही, कारण ती माती टायरांवर थर धरते आणि गाडी जागच्या जागी जड होऊन मोटर तापते. समुद्रकिनाऱ्यावर नेण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. खारं पाणी आणि बारीक वाळू बेअरिंग, मोटर, स्क्रू काहीच सोडत नाही. नवी गाडी तिथे नेऊ नका.

३. पैसे आधी वाटून घ्या

१५,००० रुपये आहेत म्हणून १५,००० ची गाडी घेतली की पुढच्या रविवारी हात रिकामे. मी वाटणी अशी करेन: गाडीला १०,५००, दुसऱ्या बॅटरीला १,२००, चांगल्या बॅलन्स चार्जरला (बॅटरीतले सगळे सेल सारखे भरणारा) १,८००, सुट्या भागांना १,०००, आणि अॅलन की, लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी ठेवायची अग्निरोधक पिशवी अशा किरकोळ गोष्टींना ५००.

दुसरी बॅटरी चैनीची वाटते, पण हिशोब बघा. १,५०० एमएएच क्षमतेची, म्हणजे दीड अँपिअर-तासाची, बॅटरी आणि सरासरी ८ अॅम्पिअरचा उपसा धरला तर गाडी ११ मिनिटं चालते. गाडीसोबत जो यूएसबी चार्जर येतो तो अर्ध्या अॅम्पिअरने चार्ज करत असेल, तर रिकामी बॅटरी भरायला ३ तास. ११ मिनिटांच्या खेळासाठी ३ तास थांबणारा मुलगा किंवा पुतण्या दुसऱ्या आठवड्यात मोबाइलकडे वळतो, यात त्याचा दोष नाही.

सुट्या भागांच्या हजारात काय घ्यावं? पुढच्या आर्मची जोडी, स्टिअरिंग नकल म्हणजे ज्यात पुढचं चाक बसतं तो भाग, ड्राइव्हशाफ्टची म्हणजे चाकाकडे जाणाऱ्या दांड्यांची एक जोडी, पिनियन आणि स्पर गिअर (मोटरचा जोर पुढे देणारे छोटा आणि मोठा गिअर). गाडी मागवतानाच हे मागवा. त्यात दोन कामं होतात: भाग हाताशी राहतात, आणि विक्रेत्याकडे ते खरोखर आहेत का हेही कळतं. 'सध्या स्टॉक नाही, येईल' असं उत्तर आलं तर गाडी दुसरीकडून किंवा दुसरी घ्या.

थेट परदेशातून मागवायचा विचार मनात येतो, कारण तिथल्या किमती डोळ्यांत भरतात. भारतात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. अलीएक्सप्रेसवर नोव्हेंबर २०२० पासून आपल्याकडे बंदी आहे, त्यामुळे 'तिथून दोन डॉलरला भाग मागवा' हा परदेशी सल्ला इथे लागू पडत नाही. शिवाय लिथियम बॅटरी विमानाने पाठवायला कडक नियम आहेत. इथलाच विक्रेता दोन हजार जास्त घेत असेल आणि भाग ठेवत असेल, तर ते दोन हजार कारणी लागले असं मी समजतो.

बेअरिंग, स्क्रू, प्लग या गोष्टींसाठी मात्र आरसीच्या दुकानाचीही गरज नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इथे प्लग, वायर, सोल्डर मिळतं. बेअरिंग प्रमाणित मापाची असतात, उदाहरणार्थ टामियाच्या आणि बऱ्याच १/१० गाड्यांमध्ये ५×११×४ मिलिमीटर. जुनं बेअरिंग खिशात घालून बेअरिंगच्या दुकानात गेलात की माप मोजून त्याच मापाचं देतात.

४. ब्रश की ब्रशलेस, आणि वेगाचा खरा हिशोब

ब्रश मोटरमध्ये कार्बनचे दोन तुकडे फिरत्या भागावर घासत वीज पोचवतात. ते झिजतात, पण मोटर स्वस्त, तिचा ईएससी म्हणजे वेगनियंत्रकही स्वस्त, आणि ती सुरुवातीला हळुवार चालते. ब्रशलेसमध्ये घासणारं काही नाही. तेवढ्याच बॅटरीवर ती जास्त जोर देते आणि जास्त टिकते, पण जळली तर खिसा मोठा कापते.

ब्रशलेस मोटरवर केव्ही असा आकडा असतो. दर व्होल्टला किती फेरे, एवढाच त्याचा अर्थ. यावरून वेग घरबसल्या काढता येतो. समजा ३,००० केव्हीची मोटर आणि ७.४ व्होल्टची बॅटरी. ३,००० गुणिले ७.४ म्हणजे मिनिटाला २२,२०० फेरे. गिअरचं एकूण प्रमाण १०:१ असेल तर चाक २,२२० फेरे मारतं. टायरचा व्यास ८५ मिमी, म्हणजे एका फेऱ्यात ०.२६७ मीटर. मिनिटाला ५९३ मीटर, तासाला साधारण ३६ किमी. तीच गाडी ११.१ व्होल्टवर चालवली तर ५३ किमी. हा कागदावरचा वेग. जमिनीवर घर्षण, वजन, हवा यांमुळे तो कमीच भरतो. कंपनी जेव्हा '६०' छापते तेव्हा तो बहुधा मोठी बॅटरी, गुळगुळीत डांबर आणि अनुकूल वारा यांचा आकडा असतो.

पहिल्या गाडीला किती वेग पुरे? क्रिकेटची खेळपट्टी २०.१२ मीटर. ताशी ४० किमीने गाडी ती पावणेदोन सेकंदांत ओलांडते, ताशी ६० ने सव्वा सेकंदात. तुमचं बोट आणि डोळा सवयीचे होईपर्यंत ४० हाच भरपूर वेग आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. पन्नासने खांबाला धडकलेली गाडी आणि पंचवीसने धडकलेली गाडी यांच्या दुरुस्तीच्या बिलात तो चौपटपणा दिसतो.

म्हणून बारा वर्षांच्या भाच्यासाठी घेत असाल तर ब्रश मोटर उत्तम. स्वतःसाठी घेत असाल आणि बजेट पुरत असेल तर ब्रशलेस घ्या, पण सुरुवात ७.४ व्होल्टवर. काही रिमोटवर थ्रॉटल म्हणजे मोटरचा जोर मर्यादित करायचा खटका असतो. तो असलेली गाडी मिळाली तर फारच छान.

५. कोणत्या गाड्या बघाव्या

डब्ल्यूएलटॉइज १४४००१ ही १/१४ ची चार चाकांना जोर देणारी बग्गी. ब्रश प्रकारची ५५० आकाराची मोटर, अॅल्युमिनियमचा तळपट्टा, तेलाचे शॉक (धक्के शोषणारे), चाक बसवायचे १२ मिमीचे षटकोनी हब. तिची सख्खी बहीण १२४०१९ ही १/१२ ची, आणि दोघींचे पुष्कळ भाग एकमेकींना चालतात. भागांच्या दृष्टीने ही माझ्या यादीत सगळ्यात वर आहे, कारण जगभर ही इतकी विकली गेली की मूळ भाग नाही मिळाला तर दुसऱ्या कुणीतरी बनवलेला मिळतो. तळ खुजा आहे, एवढी तिची मर्यादा. दगडगोट्यांत नेऊ नका.

एमजेएक्सच्या हायपर गो मालिकेतल्या १/१६ गाड्यांपैकी बऱ्याच ब्रशलेस आहेत आणि त्यातल्या ट्रकच्या धाटणीच्या गाड्या मुरमाला जास्त योग्य. त्यातल्या दोन सेलच्या (७.४ व्होल्ट) बॅटरीवर चालणाऱ्या काही गाड्या तीन सेलचीही (११.१ व्होल्ट) घेतात, म्हणजे शिकून झाल्यावर नवी गाडी न घेता वेग वाढवता येतो. हैबॉक्सिंगची एचबीएक्स १६८८९ त्याच आकाराची, ब्रश आणि ब्रशलेस अशा दोन्ही रूपांत येते. नाव जवळजवळ तेच असल्याने मागवताना आतली मोटर कुठली ते विचारून घ्या.

बजेट ताणता आलं, किंवा परदेशातून कुणी नातेवाईक येताना आणू शकत असेल, तर ट्रॅक्सस स्लॅशचा मागच्या दोन चाकांचा प्रकार बघा. २००८ पासून बाजारात असलेला हा १/१० शॉर्ट कोर्स ट्रक साधा, दणकट आणि दुरुस्तीला सोपा. फक्त बॅटरी सामानात कशी न्यायची याचे नियम विमान कंपनीकडून आधी समजून घ्यायला सांगा. अमेरिकेत किंवा दुबईत राहणाऱ्यांनी तर पहिली गाडी म्हणून हीच घ्यावी, तिथे भाग कोपऱ्यावरच्या हॉबी शॉपमध्ये टांगलेले असतात.

ज्यांना वेगापेक्षा हाताने गाडी जुळवण्याची हौस जास्त, त्यांच्यासाठी जपानच्या टामियाच्या ग्रासहॉपर आणि हॉर्नेट या १९८४ च्या बग्ग्या आजही किटच्या रूपात निघतात. त्या आजच्या मानाने संथ आहेत आणि किटमध्ये रिमोट येत नाही. पण पेचकस हातात घेऊन एक गाडी स्वतः जुळवली की पुढे आयुष्यभर कुठलीही गाडी उघडायची भीती वाटत नाही.

६. गाडी हातात आल्यावर, किंवा जुनी घेताना

हे काम बॅटरी न लावता, टेबलावर वर्तमानपत्र पसरून करा. अर्धा तास लागेल.

मागची दोन्ही चाकं उचलून एक चाक हाताने पुढे फिरवा. दुसरं मागचं चाक उलट दिशेने फिरलं पाहिजे. म्हणजे डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) ठीक. फिरवताना कट-कट असा आवाज ठरावीक अंतराने आला तर आतल्या गिअरचा दात गेलाय. पुढच्या चाकांचंही असंच बघा.

मग प्रत्येक चाक अंगठा आणि तर्जनीत धरून आत-बाहेर हलवा. थोडा सैलपणा नव्या गाडीतही असतो, पण खळखळ ऐकू आली तर बेअरिंग गेलंय किंवा त्या जागी बेअरिंगच नाही, प्लास्टिकचं बुश आहे. नट काढून चाक उतरवा: चकचकीत पोलादी कडं दिसलं तर बेअरिंग.

शॉकसाठी गाडी वीतभर उंचीवरून सपाट टेबलावर सोडा. तेल भरलेले शॉक असतील तर ती धप्पकन बसते आणि तिथेच राहते. नुसत्या स्प्रिंगा असतील तर चेंडूसारखी उसळते. शॉकच्या दांड्यावर तेलाचा ओलावा दिसला तर सील गळतंय. ते दुरुस्त होतं, पण जुन्या गाडीची किंमत ठरवताना तेवढे पैसे कापून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं: पिनियन आणि स्पर गिअर यांच्यातलं अंतर. पिनियन म्हणजे मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर, स्पर म्हणजे त्याला लागून फिरणारा मोठा. दोन्ही फार घट्ट बसले तर मोटर तापते, फार सैल बसले तर दात सोलून निघतात. वहीच्या कागदाची बोटभर पट्टी कापा. मोटरचे स्क्रू सैल करा, पट्टी दोन्ही गिअरच्या दातांमध्ये ठेवा, मोटर हाताने गिअरकडे दाबून स्क्रू आवळा, आणि गिअर फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर नागमोडी घड्या उमटल्या पाहिजेत, पण ती फाटता कामा नये. मग स्परच्या चार वेगवेगळ्या जागी बोटाने हलवून बघा, प्रत्येक ठिकाणी केसभर मोकळीक जाणवली पाहिजे. कारखान्यातून आलेल्या स्वस्त गाडीत हे अंतर चुकलेलं असणं अगदी नेहमीचं आहे.

धातूत जाणारे स्क्रू एकेक काढून निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावून परत बसवा. मोटरचे स्क्रू आणि पिनियनचा बारीक स्क्रू तर नक्कीच. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूंना थ्रेडलॉक लावू नका, ते प्लास्टिक खातं.

जुनी गाडी घेणार असाल तर आणखी एक बघा: रिसीव्हर (रिमोटचा संदेश पकडणारा भाग) आणि ईएससी एकाच पाटीवर आहेत की वेगळे? एकत्र असतील तर एक बिघडलं की दोन्ही बदलावे लागतात. सर्व्होला तीन वायरी असतील तर तो कुठलाही प्रमाणित सर्व्हो घेऊन बदलता येतो, पाच असतील तर त्याच कंपनीचा शोधत बसावं लागतं. जुन्या गाडीसोबत आलेली बॅटरी फुगलेली असेल तर ती घरात आणूच नका.

७. बॅटरी

लिपोच्या एका सेलचं नाममात्र व्होल्टेज ३.७. दोन सेल म्हणजे ७.४, त्यालाच २एस म्हणतात. तीन सेल म्हणजे ११.१, ते ३एस. सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, आणि ३.३ च्या खाली त्याला कधी जाऊ द्यायचं नाही. चांगल्या ईएससीत व्होल्टेज उतरलं की मोटर मंद करणारी सोय असते. ती चालू आहे का ते पुस्तिकेत बघा, कारण काही ईएससींवर एक छोटी पिन हलवून लिपो की निकेल हे ठरवावं लागतं. गाडी मंद झाली की 'अजून एक फेरी' करू नका. तिथेच थांबायचं.

२एस साठीच बनवलेल्या गाडीला ३एस लावली तर ईएससी जळतो.

चार्ज करताना बॅटरीच्या क्षमतेएवढाच प्रवाह: १,५०० एमएएचला १.५ अॅम्पिअर, २,२०० ला २.२. बॅलन्सची बारीक पांढरी पिन लावल्याशिवाय चार्ज करू नका, कारण दोन सेल असमान भरले की एक जास्त भरतो आणि तोच पेट घेतो. गाडी चालवून आल्याबरोबर गरम बॅटरी चार्जरला लावायची नाही, आधी ती हाताला थंड लागू द्या. चार्जिंग फरशीवर, पिशवीत ठेवून, तुम्ही त्याच खोलीत जागे असताना. गादीवर किंवा सोफ्यावर नको, आणि रात्री लावून झोपणं तर नकोच. शेजारी वाळूची छोटी बादली असू द्या.

आठवडाभर गाडी चालणार नसेल तर बॅटरी सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा. चार्जरवर 'स्टोरेज' असा पर्याय असतो. पूर्ण भरून कपाटात ठेवलेली लिपो फुगू शकते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात बंद कारच्या डिकीत बॅटरी ठेवून दुपारचं जेवण करायला जाऊ नका. फुगलेली बॅटरी ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. ती घंटागाडीत टाकायची वस्तू नाही.

ड्रोन आणि रोबोटिक्सचं सामान विकणारे भारतात बरेच आहेत आणि २एसच्या चांगल्या बॅटऱ्या त्यांच्याकडे मिळतात. मागवण्याआधी गाडीतला बॅटरीचा खण मिलिमीटरमध्ये मोजा आणि प्लग कुठला आहे ते बघा: टी-प्लग, एक्सटी-६० की आणखी काही. प्लग बदलायची वेळ आली तर बॅटरीच्या दोन्ही वायरी एकदम कापू नका. कात्रीच्या पात्यातून दोन्ही जोडल्या जाऊन ठिणगी उडते. एक वायर कापा, सोल्डर करा, गुंडाळा, मगच दुसरीला हात लावा.

लिपोची एवढी काळजी घेणं जमणार नसेल, घरात लहान मुलंच चार्जिंग करणार असतील, तर निकेल-मेटल हायड्राइडची ७.२ व्होल्टची बॅटरी चालणारी गाडी घ्या. जड आहे, वेग थोडा कमी, पण ती हेळसांड सोसते.

८. पहिला दिवस

रिमोट आधी चालू करायचा, मग गाडी. बंद करताना उलट: आधी गाडी, मग रिमोट. रिमोट आधी बंद केला आणि गाडीने कुठला भलताच संदेश पकडला तर ती सुसाट सुटते.

पहिली बॅटरी निम्म्या ट्रिगरवर घालवा. रिकाम्या मैदानात दोन चपला वीस पावलांवर ठेवा आणि त्यांच्याभोवती आठचा आकडा काढत राहा. गाडी तुमच्याकडे येत असताना डावं-उजवं उलटं होतं, आणि नवशिक्यांच्या बहुतेक धडका इथेच होतात. तुमच्याकडे येणाऱ्या गाडीला वळवायचा सराव झाला की मगच ट्रिगर पूर्ण दाबा.

तीन-चार मिनिटांनी थांबून मोटरला बोट लावा. तीन सेकंद बोट ठेवता येत नसेल तर ती फार तापली आहे. गाडी थंड होऊ द्या, गिअरचं अंतर पुन्हा बघा, टायरमध्ये गवत अडकलंय का बघा. दोन बॅटऱ्या लागोपाठ चालवू नका, मध्ये पंधरा मिनिटं मोटरला द्या. एक-दीड किलोची वस्तू ताशी ४० किमीने घोट्याला लागली तर हाड मोडू शकतं, म्हणून रस्त्यावर नको, माणसांच्या आणि कुत्र्यांच्या गर्दीत नको, आणि गाडी नेहमी स्वतःच्या पुढे, नजरेत ठेवा.

घरी आल्यावर कोरड्या रंगाच्या ब्रशने आणि जुन्या टूथब्रशने धूळ झाडा. नळाखाली धरू नका. 'वॉटरप्रूफ' म्हणजे फक्त आतलं इलेक्ट्रॉनिक्स. बेअरिंग, स्क्रू आणि ब्रश मोटरला पाणी लागतंच. पावसात भिजलीच तर हवा मारून कोरडी करा आणि प्रत्येक बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या. गिअरला तेल नको, त्यावर मुरमाची धूळ बसून कानशीसारखी घासते. बंद गिअरबॉक्समध्ये थोडं ग्रीस पुरेसं.

महिनाभराने गाडीवर आणखी खर्च करावासा वाटेल. त्याचा क्रम असा ठेवा: आधी प्लास्टिक बुशच्या जागी बेअरिंग, मग तुमच्या जमिनीला साजेसे टायर, मग शॉकचं तेल, मग दणकट सर्व्हो. अॅल्युमिनियमचे रंगीत आर्म मात्र घेऊ नका. प्लास्टिकचा आर्म धडकेत वाकतो किंवा दोनशे रुपयांत तुटून मोकळा होतो. अॅल्युमिनियमचा वाकत नाही, तोच धक्का पुढे गिअरबॉक्सच्या कवचाला देतो, आणि ते कवच बदलायचं म्हणजे अर्धी गाडी उघडावी लागते.